चेहऱ्यांच्या भरवशावर केलेली चोरी

प्रकरण असं आहे. कोल्हापुरातला एक तरुण पटकथा लिहितोय. गुजरी या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात राहणारे पाच निवृत्त म्हातारे, एक जुनी सराफी पेढी आणि तिच्या तळघरातली तिजोरी, एवढा ऐवज. बाज विनोदी. त्याच्या टिपणाच्या पहिल्याच पानावर कलाकारांची यादी होती आणि खाली शेरा: 'जुनी, लाडकी मंडळी घेतली की निम्मं काम तिथंच झालं.' नमुना म्हणून त्याने 'किंग ऑफ थीव्ह्ज' हा २०१८ चा इंग्रजी चित्रपट पुढे केला होता. आमचा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा एक छोटा गट राजारामपुरीत एकाच्या घरी जमतो. पटकथेला हात घालण्याआधी नमुना बघून घेऊ, असं ठरलं.

बघितला आणि विरस झाला. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते नेमकं कुठे बिनसलं यावर. कुणाला गती कमी वाटली, कुणाला शिव्या जास्त वाटल्या, कुणी म्हणालं की सबटायटल वाचेपर्यंत विनोद निघून जातो. ही कारणं खरी असतील, पण वरवरची आहेत. संथ सिनेमे आम्ही आवडीने बघतो आणि शिव्यांचं कोल्हापुरात कुणाला विशेष वाटत नाही. माझ्या मते या सिनेमाने सगळा भरवसा चेहऱ्यांवर टाकला आणि चोरी नावाच्या कामाकडे दुर्लक्ष केलं. आणि चोरीच्या सिनेमात हसू येतं ते कामातूनच. हे पटवायचं तर आधी चेहरे कोणते आणि काम कोणतं, दोन्ही सांगायला हवं.

चेहरे असे: मायकेल केन, जिम ब्रॉडबेंट, टॉम कोर्टनी, रे विन्स्टन, मायकेल गॅम्बन. यातला एकेक जण स्वतःच्या बळावर चित्रपट ओढून नेणारा. केन तेव्हा ८५ वर्षांचे, कोर्टनी ८१ चे. दिग्दर्शक जेम्स मार्श. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये दोर बांधून १९७४ साली त्यावरून चालणाऱ्या फिलिप पेटीवर 'मॅन ऑन वायर' हा ऑस्कर मिळवणारा माहितीपट केला तो हाच माणूस. हा तपशील पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

खरी चोरी

सिनेमा ज्या चोरीवर आहे ती घडलेली आहे, आणि तिची हकिगत वाचली की सिनेमाचा राग जास्त येतो.

लंडनमध्ये हॅटन गार्डन नावाचा हिऱ्या-दागिन्यांचा बाजार आहे. तिथल्या एका इमारतीच्या तळघरात व्यापाऱ्यांना भाड्याने मिळणाऱ्या लॉकर पेट्यांची तिजोरी होती. २०१५ च्या ईस्टरची सुट्टी, गुरुवार २ एप्रिलची रात्र. मंगळवारपर्यंत बाजार बंद. चोरी करणाऱ्या मंडळींत ब्रायन रीडर ७६ वर्षांचा, पहाऱ्यावर बसलेला केनी कॉलिन्स ७४ चा, डॅनी जोन्स साठीच्या आसपासचा. टेरी पर्किन्सचा सदुसष्टावा वाढदिवस नेमका त्याच शनिवार-रविवारच्या सुट्टीत आला. त्याला मधुमेह, त्यामुळे हत्यारांबरोबर इन्सुलिनही होतं. रीडर त्या रात्री घरून निघाला तो बसने, आणि तेही दुसऱ्याच्या नावाच्या ज्येष्ठ नागरिक पासवर. आमच्याकडे हे ऐकून सगळ्यात मोठा हशा झाला. महाराष्ट्रात २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे 'आपल्याकडं आला असता तर बिचाऱ्याला पासची चोरी तरी करायला लागली नसती' ही कोटी लगेच झाली.

पुढचं ऐका. लिफ्ट वर अडकवून ठेवून लिफ्टच्या बोगद्यातून ते तळघरात उतरले. तिजोरीची भिंत अर्धा मीटर जाडीची, काँक्रीटची. आपल्याकडे स्लॅबला पाइपसाठी गोल भोक पाडायला कोअर कटिंगवाले येतात, तसलंच हिऱ्याच्या दातांचं यंत्र लावून त्यांनी एकाला एक लागून तीन भोकं पाडली. भिंत फुटली. पण पलीकडे पेट्यांचं कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं, आणि ते ढकलायला आणलेला हायड्रॉलिक पंप ऐन वेळी मोडला. झालं! रात्रभर भिंत फोडून मंडळी पहाटे हात हलवत बाहेर.

इथे रीडरने नाद सोडला. चाळीस-पन्नास वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस, त्याला कळलं की परत त्या जागी जाण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनी काय केलं? दुकानात जाऊन नवीन पंप विकत घेतला. जोन्सने पावतीवर आडनाव घातलं जोन्स. आणि शनिवारी रात्री ते परत गेले. त्याआधी पहिल्याच रात्री, गुरुवारची मध्यरात्र उलटल्यावर, धोक्याची घंटा वाजली होती. घंटेवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी जायची गरज नाही असं ठरवलं. सुरक्षारक्षक आला, त्याने बाहेरून डोकावून पाहिलं, त्याला सगळं ठीकठाक दिसलं आणि तो निघून गेला. पहाऱ्यावरच्या कॉलिन्सला तर डुलकी लागली होती, असं त्याचेच जोडीदार नंतर गाडीत बसून एकमेकांना सांगत होते.

हे आपल्याला कसं कळलं? पोलिसांनी त्यांच्या गाड्यांमध्ये गुपचूप मायक्रोफोन बसवले होते. कॉलिन्स चोरीच्या ठिकाणी स्वतःची पांढरी मर्सिडीज घेऊन हिंडला, कॅमेऱ्यांनी ती टिपली, आणि तिथून माग लागला. १९ मे रोजी धरपकड झाली. तोपर्यंत मंडळी गाडीत बसून एकमेकांच्या चुका काढत होती, रीडरला नावं ठेवत होती, वाटणीवरून कुरकुरत होती आणि ते सगळं टेप होत होतं. जोन्सच्या घरी फोरेन्सिक शास्त्र सोपं करून सांगणारं पुस्तक मिळालं. त्याने आपला वाटा दफनभूमीत पुरला होता. पकडल्यावर मोठा प्रामाणिकपणाचा आव आणून त्याने पोलिसांना लहान साठा दाखवला. मोठा त्याच दफनभूमीत दुसरीकडे होता आणि पोलिसांनी तो आधीच उकरला होता.

एकूण ७३ पेट्या फुटल्या. न्यायालयात ऐवज धरला गेला तो सुमारे १ कोटी ४० लाख पाउंडांचा. मार्च २०१६ मध्ये मुख्य मंडळींना सहा-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. 'बॅझिल' म्हणून ओळखला जाणारा एक जण मात्र निसटला होता. तो मायकेल सीड निघाला आणि त्याला शिक्षा झाली २०१९ साली, म्हणजे सिनेमा येऊन गेल्यावर.

यात लेखकाने नव्याने काय घालायचं? एकही प्रसंग रचावा लागत नाही. पावतीवरचं आडनाव, बसचा पास, पहाऱ्यावरची डुलकी, दोन खड्डे. ही सगळी एकाच जातीची गंमत आहे: हाताला जुनं कसब आहे आणि भोवतालचं जग बदललंय, याची खबरच नाही. काँक्रीट फोडणं त्यांना जमतं. गल्लीतल्या खांबावरचा कॅमेरा त्यांच्या हिशेबातच नाही. ते घडले १९८० च्या दशकात, तेव्हाच्या लंडनमध्ये पोलिसांपासून जेवढं लपवावं लागायचं तेवढंच त्यांनी २०१५ मध्ये लपवलं.

सिनेमात याचं काय होतं

वरच्यातलं बरंच काही सिनेमात आहे, ते नाही असं मी म्हणत नाही. पण ते येतं आणि जातं. भिंत फोडण्याचं काम गाण्याच्या ठेक्यावर तुकड्या-तुकड्यांत उरकलंय. कुठला तुकडा कशासाठी चाललाय, कोण काय करतोय, अडलंय कुठे, हे समजायच्या आत पुढचा तुकडा. पंप मोडतो तेव्हा आपण घाबरायला हवं, किंवा हसायला हवं. दोन्हीपैकी काही होत नाही, कारण तो पंप कशासाठी होता हेच आपल्या मनात नीट बसलेलं नसतं.

याउलट वेळ कशावर खर्च होतो? वयावर. कुणाला ऐकू कमी येतंय, कुणाला इन्सुलिन घ्यायचंय, कुणाला झोप येतेय. हे विनोद एकदा चालतात. दुसऱ्यांदा आपण सभ्यपणे हसतो. त्यानंतर आपल्याला त्या नटांची काळजी वाटायला लागते.

आणि मग निम्म्यावर गाडी रूळ बदलते. म्हाताऱ्यांची गंमत संपते आणि एकमेकांचे गळे धरणारी, कडवट, हिंसक माणसं समोर येतात. ब्रॉडबेंट यांचा पर्किन्स इथे खरोखर अंगावर येतो. एरवी आपण त्यांना प्रेमळ, गोंधळलेल्या म्हाताऱ्याच्या भूमिकांत पाहिलेलं, त्यामुळे तो थंडपणा जास्तच बोचतो. सिनेमातलं सर्वांत चांगलं काम तेच, आणि गंमत अशी की ते काम दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमातलं वाटतं. पहिल्या भागाने त्याची काही तयारी केलेली नाही. ज्याला आपण तासभर गोड आजोबा म्हणून पाहिलं तो एकदम लांडगा झाला, तर प्रेक्षक घाबरत नाही, गोंधळतो.

शेवटाकडे तर कहर आहे. या नटांच्या तरुणपणीच्या जुन्या चित्रपटांतले तुकडे मधे-मधे चमकवले जातात: बघा, हेच ते, एकेकाळी असे होते! माझा इथे चेहऱ्यांचा मुद्दा पक्का झाला. रीडर, पर्किन्स, कॉलिन्स या माणसांवरून दिग्दर्शकाची नजर हटली आणि ती केन, ब्रॉडबेंट, कोर्टनी यांच्यावर गेली. पात्रांचा शेवट होतोय आणि पडदा नटांचा सत्कार करतोय. शाल-श्रीफळ तेवढं द्यायचं राहिलं.

मार्श यांनी 'मॅन ऑन वायर'मध्ये नेमकं उलट केलं होतं, म्हणून हे जास्त लागतं. तो माहितीपट बांधलाच आहे दरोड्यासारखा. खोटी ओळखपत्रं, जड दोर वर कसा न्यायचा, पहारेकरी आला तर ताडपत्रीखाली कितीवेळ निश्चल पडून राहायचं, पहिला दोर पलीकडच्या मनोऱ्यावर पोचवायला धनुष्यबाण. प्रत्येक गोष्ट कशी केली ते इतकं बारकाईने सांगितलंय की माणूस वाचला हे आधीच माहीत असून जीव टांगणीला लागतो. काम दाखवायचं म्हणजे काय, हे ज्याला त्याच्या पिढीत सर्वांत चांगलं कळलेलं, तोच माणूस दहा वर्षांनी नामांकित नट हाताशी आले तेव्हा काम दाखवायचं विसरला. नट नवखे असते तर कदाचित विसरला नसता. नवख्याला चेहऱ्याचं भांडवल नसतं, त्याला भिंत फोडूनच दाखवावी लागते.

खोलीतले तज्ज्ञ

आमच्या गटात एक सराफ काका आहेत. तीन पिढ्यांची पेढी, आता मुलगा बघतो. सिनेमा लावायचा म्हटल्यावर ते 'मी काय, झोपीन' असं सांगून भडंगाची पुडी घेऊन कोपऱ्यात बसले. आणि पेट्या फुटायला लागल्या तसे एकदम ताठ झाले.

"थांबीव. मागं घे जरा."

मागं घेतलं. पडद्यावर पेट्यांतला माल भराभर पिशव्यांत रिकामा होत होता.

"ओतायल्यात बघ. हिरा, मोती, पाचू, सगळं एकात! अरं, हिऱ्यानं बाकीच्याला चरे पडत्यात. मोत्याची तर वाटच लागती. ह्यास्नी भिंत फोडायला येती, पण माल हाताळायला येत न्हाई."

मग पंधरा मिनिटं सिनेमा बाजूला राहिला आणि आम्ही काकांना ऐकत बसलो. चोरीचा दागिना विकायचा तर तो आटवावा लागतो. आटवला की घडणावळ गेली, घट गेली, आणि ज्याला द्यायचा तो भाव पाडूनच घेणार, कारण त्याला माहीत असतं तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही. खडे तर आणखी अवघड. मोठा खडा ओळखू येतो, लहान खड्यांना सुटे म्हणून फारसा भाव नाही. "म्हंजे वर्षभर राबून कोटीचा माल काढला, आन हातात काय? वाणसामानाचं बिल भागंल एवढं." अतिशयोक्ती असेल, पण गुजरीत जिथे दुकानासमोरची धूळसुद्धा झारेकरी गोळा करून धुऊन त्यातला सोन्याचा कण काढतात, तिथल्या माणसाला तो माल पोत्यात ओतलेला बघून झालेला त्रास खरा होता.

मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सर्वांत विनोदी प्रसंग हाच होता, आणि तो पडद्याबाहेर घडला. अर्धा मीटर काँक्रीट फोडणारे पण पाचू कसा धरायचा ते न कळणारे म्हातारे! यात अख्खा दुसरा अंक आहे. चोरी जमली, आता मालाचं करायचं काय? सिनेमातही मालावरून, वाटणीवरून भांडणं आहेत, पण ती कोण किती घेणार याची. कुणाला त्यातलं काय कळतं, हा प्रश्न कुणी नीट धरलेला नाही.

दुसरे होते एका बँकेत बरीच वर्षं लॉकर सांभाळून निवृत्त झालेले साहेब. त्यांचा आक्षेप वेगळा. "पेटी कुणाची होती, हे एकदा तरी दाखवायचं. ज्याचं गेलं त्याचं काय?" लॉकरच्या बाबतीत बँकेला आत काय आहे ते माहीत नसतं, किल्ल्या दोन, एक बँकेची आणि एक ग्राहकाची, आणि दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि १ जानेवारी २०२२ पासून चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यात बँकेची जबाबदारी ठरली लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. "भाडं तीन हजार असंल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख. आत पाटल्या, तोडे, गोठ, आजीच्या पुतळ्या, काय पण असू द्यात." हॅटन गार्डनच्या तिजोरीत पेट्या घेणारेही बहुतेक छोटे व्यापारी होते आणि त्यातल्या कित्येकांनी विमा उतरवलेला नव्हता. तिजोरी चालवणारी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. सिनेमात हे लोक जवळजवळ नाहीतच.

साहेबांचं म्हणणं नैतिक बाजूने खरं आहेच, पण मला त्यात कारागिरीची बाजू जास्त दिसली. ज्याचं गेलं तो माणूस पडद्यावर नसेल तर चोरीला वजन येत नाही, आणि वजन नसलेल्या चोरीवर हसूही हलकंच येतं. शिवाय फुटलेल्या पेटीचा मालक हा स्वतःच केवढा विनोदी माणूस आहे! त्याला पोलिसांना सांगायचंय की आत काय होतं, आणि बायकोसमोर सांगायचं नाहीये. आयकरवाल्यांसमोर तर नाहीच नाही.

तिसऱ्या होत्या हौशी रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या मॅडम. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर त्यांनी नायिकेपासून आजीपर्यंत सगळं केलंय. त्यांनी एकच गोष्ट बोलून दाखवली आणि मला वाटतं दुखण्याचं खरं निदान तेच होतं. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या असतो आणि त्याच्यासमोर कुणीतरी सरळ बोलणारा असतो, जो चिडतो, दटावतो, हिशेब मागतो. त्याच्याशिवाय सोंगाड्याचा शब्द हवेत जातो. "इथं सगळेच सोंगाडे. सरळ माणूस कुठाय?"

खरंच नव्हता. पोलीस आहेत, पण ते लांबून बघतात, त्यांना स्वतःचं असं काही नाही. तरुण बॅझिल आहे, पण सिनेमा लिहिला गेला तेव्हा खरा बॅझिल कोण हे उघड झालेलं नव्हतं, आणि लेखकांनी त्या रिकाम्या जागेत काही भक्कम उभं केलेलं दिसत नाही. तो सरळ माणूस रीडर होऊ शकला असता. प्रत्यक्षात तोच तर होता: ज्याने पंप मोडल्यावर सांगितलं, पुरे, आता घरी चला. पण ती भूमिका केन यांच्याकडे, मुख्य चेहरा त्यांचा, म्हणून त्यांच्या वाट्याला बायकोच्या जाण्याचं दुःख, भारदस्तपणा आणि पोस्टर आलं. ज्याच्या शहाणपणावर बाकीच्यांचा मूर्खपणा उजळला असता, तो माणूस गोष्टीतून बाजूला पडतो आणि परत येतो तो वाटणीचा राग घेऊन.

विरुद्ध बाजू

गटातल्या एका गुरुजींना सिनेमा आवडला, हे नोंदवायला हवं. "दीड-पावणेदोन तास बरे गेले की. तुमचं काय मागणं आहे त्या म्हाताऱ्यांकडनं?" त्यांचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. हाच सिनेमा अनोळखी नटांना घेऊन केला असता तर आम्ही 'ठीक आहे' म्हणून उठलो असतो. निराशा मोठी झाली ती नावं मोठी म्हणून. परदेशातल्या समीक्षकांनीही साधारण हेच केलं: नटांची तारीफ केली आणि सिनेमाला नाक मुरडलं.

पण मग नावं घेतली कशाला, हा प्रश्न उरतोच. नावं ही उधारी आहे. प्रेक्षक दारातच तुम्हाला प्रेम देऊन टाकतो आणि मग आत बसून त्याची परतफेड मागतो. कोल्हापुरात तर हे प्रेम जरा जास्तच स्वस्त आहे. इथे घरटी एक काका सापडतील ज्यांनी जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात गर्दीत भाला धरलाय. जुन्या नटाने पडद्यावर नुसती मान वळवली तरी आमच्याकडे शिट्टी येते. आमच्या तरुण लेखकाचा तो पहिल्या पानावरचा शेरा याच हवेतून आला होता, आणि मुंबईला पटकथा घेऊन गेल्यावर त्याला पहिला प्रश्न 'कोण कोण आहे?' हाच येणार, हेही खरं. पैसे चेहऱ्यांवर मिळतात. त्यामुळे 'चेहरे घेऊ नका' हा सल्ला देणं सोपं आणि बिनकामाचं. सल्ला द्यायचा तर एवढाच देता येतो की कलाकारांची यादी फाडून टाक आणि बिननावाच्या माणसांवर प्रसंग उभा राहतो का बघ. उभा राहिला तर मग त्यात कुणालाही घे.

पटकथेचं काय झालं

त्याने यादी फाडली नाही. घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवली. पण प्रसंग बदलले.

पाच म्हाताऱ्यांचे तीन झाले. जे दोन गेले ते केवळ ऐकू न येण्याच्या आणि गुडघेदुखीच्या विनोदासाठी होते, त्यांच्या जाण्याने कुणाचं काही अडलं नाही. उरलेल्या तिघांना एकेक हुन्नर मिळाला: एक आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर राबलेला, एक कुलपं-किल्ल्यांवाला, आणि तिसरा पेढीवरचाच जुना मुनीम. मुनीम हा सरळ माणूस. तो प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागतो, चोरीच्या खर्चाचीसुद्धा वही ठेवतो, चहा-वडापावच्या नोंदीसकट. ती वहीच पुढे पुरावा होणार, हे वाचणाऱ्याला पहिल्या दहा पानांत कळतं आणि त्या तिघांना शेवटपर्यंत कळत नाही. मॅडमनी ते वाचून 'आता कसं!' म्हटलं.

तिजोरी फोडण्याचा प्रसंग आधी दीड पानात होता, आता तो बराच वाढलाय आणि मला अजूनही थोडा लांब वाटतो. लेथवाल्याने घरून आणलेलं यंत्र पेढीच्या तळघरातल्या प्लगला बसत नाही. पिन मोठी, सॉकेट लहान. ऐन मध्यरात्री तिघं जण अॅडॅप्टर शोधत महाद्वार रोडवर हिंडतात आणि कुलपंवाला ज्याचं दार वाजवून अॅडॅप्टर मागतो, तो त्यांना कौतुकाने विचारतो, "एवढ्या रात्री कामं करताय व्हय या वयात? नाद खुळा!" इथे एकही विनोद वयाचा नाही, आणि तरी ते म्हातारे आहेत हे क्षणभरही विसरता येत नाही.

अडलंय ते पंचनाम्याच्या प्रसंगापाशी. चोरी झाल्यावर ज्यांचा माल पेढीत ठेवायला होता ती सगळी मंडळी जमतात आणि एकेकाला फौजदारासमोर सांगावं लागतं की काय गेलं. पतीने सांगितलेला आकडा आणि पत्नीने सांगितलेला आकडा जुळत नाही. एक जण आपली पुरचुंडी रिकामीच होती म्हणून शपथेवर सांगतो, आणि चोरांना माहीत आहे की त्यात सर्वांत जास्त होतं. आराखडा पक्का आहे, पण तपशील पोकळ, कारण लोक नेमकं काय काय ठेवायला आणतात हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. तो दोनदा सराफ काकांकडे जाऊन बसला. काकांनी चहा पाजला, साज कसा ओवतात ते दाखवलं, ठुशीच्या मण्यांचं वजन सांगितलं, १९९० च्या आधीच्या गुजरीच्या गोष्टी सांगितल्या. लोक तिजोरीत काय ठेवतात ते विचारलं की ते गल्ल्याकडे वळायचे.

"त्ये सोडून काय पण विचार, लेका."